मासे मेल्यावर आधी बाटली, मग निवेदन

प्रश्न वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका तरुणाचा आहे. थोडक्यात असा: वस्तीत भोई समाजाची चाळीसेक घरं, पोट नदीवर. गेली काही वर्षं ऐन उन्हाळ्यात एकदा आणि पहिल्या पावसात एकदा मासे मरून वर येतात. लोक साखर कारखान्याकडे आणि त्याच्या डिस्टिलरीकडे बोट दाखवतात, कारखाना वरच्या शहराच्या गटाराकडे. प्रदूषण मंडळाचा माणूस येऊन बाटली भरून नेतो आणि महिन्याने अहवाल येतो, पाणी मर्यादेत आहे. ऊसवाले म्हणतात, चार माशांसाठी कारखाना बंद पाडायला निघालात काय? आणि आता घरटी काही रक्कम देऊन मिटवायचा निरोप आला आहे. पैसे घ्यावेत का, आणि घ्यायचे नसतील तर लढायचं कसं?

मी बरीच वर्षं एका डिस्टिलरीच्या सांडपाणी विभागात केमिस्ट होतो. नोकरी सुटल्यापासून कराडच्या खालपासून अंकलीपर्यंतच्या गावांना पाण्याचे नमुने घ्यायला आणि कागद करायला मदत करतो. म्हणजे पाणी कुठून सुटतं हे आतून पाहिलंय आणि ते कुठे जाऊन लागतं हे बाहेरून. त्या अनुभवावर सांगतो.

मंडळाचा माणूस विकला गेला म्हणून अहवाल स्वच्छ आला, हे आधी डोक्यातून काढा. तसंही कुठे होत असेल, पण बहुतेक वेळा कारण साधं असतं. तो पोचतो तोवर पाणी पुढे गेलेलं असतं. घाण पाणी नदीत एका तुकड्याने येतं आणि तुकड्यानेच पुढे सरकतं. रात्री दोनला सुटलेलं पाणी पहाटे तुमच्या डोहातून गेलं, मासे तिथे गुदमरले, सकाळी आठला तुम्ही पाहिलं, दहाला फोन केला, साहेब दुपारी तीनला आले. त्यांनी तुमच्या घाटावर बाटली भरली ती मागून आलेल्या चांगल्या पाण्याची. त्यात मेलेले काही मासे आधी तळाला जातात, पोटात वायू धरला की फुगून वर येतात, उन्हाळ्यातसुद्धा याला बराच वेळ लागतो. म्हणजे तुम्हाला दिसतो तो मासा कालचा असू शकतो आणि साहेब तपासतात ते पाणी आजचं. या लढाईचा निकाल पहिल्या सहा तासांत लागतो, आणि ते सहा तास आपण निवेदन टाईप करण्यात, व्हिडिओ फिरवण्यात आणि पुढाऱ्याला गाठण्यात घालवतो.

मासा मरतो कशाने, हे नीट समजून घ्या, कारण समोरचा वकील पहिला घाव तिथेच घालतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात स्वच्छ नदीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 7 ते 8 मिलिग्रॅमच्या आसपास असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासळीला योग्य पाणी म्हणजे 'ड' वर्ग: ऑक्सिजन किमान 4 मिलिग्रॅम, सामू (पीएच) 6.5 ते 8.5, मुक्त अमोनिया 1.2 मिलिग्रॅमच्या आत. ऑक्सिजन दोनच्या खाली गेला की कटला, रोहू, मृगळ यांचं काही खरं नाही. बहुतेक वेळा मासा विषाने मरत नाही, पाण्यातला सेंद्रिय माल कुजवणारे जिवाणू सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतात म्हणून गुदमरून मरतो.

आता हिशोब करा. डिस्टिलरीत एक लिटर स्पिरिटमागे साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश, म्हणजे स्पिरिट काढल्यावर उरलेलं सांडपाणी, निघतो. कच्च्या स्पेंट वॉशचा बीओडी, म्हणजे कुजताना लागणारा ऑक्सिजन, लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅम असतो. 45,000 धरला तर दहा हजार लिटरच्या एका टँकरची भूक झाली 450 किलो ऑक्सिजन. नदीच्या पाण्यात लिटरला 7 मिलिग्रॅम असेल, तर एवढा ऑक्सिजन साडेसहा कोटी लिटरच्या घरात जाणाऱ्या पाण्यात असतो. ही भूक दोन-तीन दिवसांत भागते, लगेच नाही, आणि वाहतं पाणी हवेतून ऑक्सिजन ओढतही असतं. पण बंधाऱ्यामागे तुंबलेल्या, कोयनेतून आवर्तन न आलेल्या एप्रिलच्या नदीला एक टँकरही जड जातो. कागदोपत्री डिस्टिलरीला शून्य विसर्गाची अट असते: स्पेंट वॉशवर बायोगॅस काढायचा, मग तो आटवून बॉयलरमध्ये जाळायचा किंवा प्रेसमडवर, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरलेल्या गाळावर, टाकून कंपोस्ट करायचं. अट पाळणारे आहेत. पण पावसात कंपोस्ट होत नाही, लगून, म्हणजे सांडपाणी साठवायचं तळं, काठोकाठ भरलेलं असतं आणि आटवायला वाफ लागते, वाफेला पैसे लागतात. पहिल्या पावसाच्या रात्री ओढ्याला पाणी आलं की लगूनची पातळी उतरते, एवढंच मी सांगतो.

पण म्हणून प्रत्येक मासा डिस्टिलरीने मारला असं धरून चालू नका. साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की पॅन, इव्हॅपोरेटर, टाक्या धुतल्या जातात, त्यात कॉस्टिकही असतो, हे पाणी वेगळं. शहराचं गटार वेगळं. शेरीनाल्याचं नाव सांगलीत नवं नाही, आणि कऱ्हाडपासून खाली लहान-मोठ्या प्रत्येक गावाचं सांडपाणी कृष्णेतच येतं. तिसरं कारण लोकांच्या लक्षातच येत नाही, ते म्हणजे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. उन्हाळाभर बरग्यांमागे, म्हणजे बंधाऱ्यात बसवलेल्या फळ्यांमागे, तुंबलेल्या पाण्याच्या तळाला गाळ कुजत पडलेला असतो, तिथे ऑक्सिजन जवळपास शून्य. पावसाच्या तोंडावर बरगे काढले की ते काळं पाणी एका लोंढ्यात खाली येतं आणि खालच्या गावातले मासे मारतं. त्या दिवशी ना कारखान्याने काही सोडलेलं असतं ना नगरपालिकेने. उसावर फवारलेलं औषध वळवाच्या पावसाने ओढ्यात आलं, असंही होतं. आणि कटू लागेल पण लिहितो: डोहात जिलेटिन टाकणारे, औषध ओतून मासे धरणारे आपल्यातही असतात. तुमच्या पट्ट्यात तो प्रकार चालत असेल तर आधी तो बंद करा. सुनावणीत समोरून तेच पहिलं निघेल.

मग ओळखायचं कसं? म्हाताऱ्या भोयाला विचारा, त्याला अर्धं माहीत असतं. ऑक्सिजन संपला की मासा मरायच्या आधी वर येऊन तोंड उघडतो, काठाला लागतो, हाताने धरता येतो. मेल्यावर तोंड उघडं, कल्ल्यांची झाकणं ताणलेली. मोठे मासे आधी जातात, कारण त्यांना ऑक्सिजन जास्त लागतो, बारीक पिलावळ काठाच्या उथळ पाण्यात तग धरते. आणि मरळ सहसा मरत नाही. मरळीला हवेतून श्वास घेता येतो, मांगूरलाही. रोहू-कटल्याचा खच पडला आहे आणि मरळ जिवंत आहे, म्हणजे ऑक्सिजनचं प्रकरण. मरळही मेली, बारीक मासे आधी मेले, झिंगे-खेकडे उलटे पडले, मासा मरताना गरागरा फिरत होता, तर औषधाचा किंवा अमोनियाचा संशय घ्या आणि तपासण्याही वेगळ्या मागा. हे सगळं त्याच सकाळी वहीत लिहा: कोणत्या जातीचे मासे, अंदाजे किती, किती मोठे, मरळ जिवंत की मेलेली. एक जिवंत मरळ दहा निवेदनांपेक्षा जास्त बोलते.

पाण्याचा रंगही बघा. स्पेंट वॉशचं पाणी काळसर तपकिरी, कोऱ्या चहासारखं असतं, आणि हा रंग कुजून जात नाही, बायोगॅस काढल्यावरही राहतो. गटाराचं पाणी राखाडी-काळं, सडक्या अंड्याच्या वासाचं. पण रंग-वास हा पुरावा नाही. पुरावा म्हणजे पोटॅशियम. स्पेंट वॉशमध्ये पोटॅशियम लिटरला कित्येक हजार मिलिग्रॅम असतं, गटारात दहा-वीसच्या आसपास. ही तपासणी फार खर्चाची नाही, पण तक्रारीत ती कोणी मागत नाही, म्हणून होत नाही. मात्र नमुना ओढ्याच्या तोंडाशीच घ्या. नदीच्या मधोमध भरलेल्या बाटलीत तो आकडा हरवून जातो. आणि उसाला पोटॅश खत पडतंच, त्यामुळे कारखान्याच्या वरच्या अंगाला त्याच ओढ्याचा एक नमुना तुलनेला हवाच.

आता बाटली. तुमच्या गावात आजच्या घडीला तीन गोष्टी तयार पाहिजेत: काचेच्या बुचाच्या 300 मिलिलिटरच्या चार-पाच बीओडी बाटल्या, ऑक्सिजन बांधायची दोन रसायनं, म्हणजे मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड, आणि बर्फाचा डबा. रसायनं कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागातून किंवा सांगली-मिरजेच्या लॅब सामानाच्या दुकानातून मिळतात. कॉलेजमार्फत घ्या, एक प्राध्यापक कायमचा जोडला जातो. दुसरं रसायन अंगाला लागलं तर भाजतं आणि अझाइड विषारी आहे, हातमोजे घाला, पोरांच्या हाती देऊ नका.

बाटली पाण्याखाली तिरकी धरून हळू भरायची, बुडबुडा राहता कामा नये. पिपेटचं टोक पाण्यात बुडवून दोन मिलिलिटर पहिलं रसायन, दोन मिलिलिटर दुसरं, बूच लावून दहा-बारा वेळा उलटी-सुलटी करायची. मग बाटली उजेडाला धरा. पाण्यात ऑक्सिजन असेल तर आत तपकिरी चोथा तयार होतो आणि मिनिटाभरात तळाला बसायला लागतो. जितका गडद, तितका ऑक्सिजन जास्त. ऑक्सिजन नसेल तर चोथा दुधासारखा पांढराच राहतो. मागे एका ओढ्याच्या तोंडाशी अशी बाटली पांढरी झाली तेव्हा काठावर भोई होते, कारखान्याचे सभासद होते आणि तलाठीही उभे होते. ओढ्याच्या वर भरलेली तपकिरी बाटली आम्ही तिच्याशेजारी ठेवली. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. दोन्ही बाटल्यांचा फोटो एकत्र घ्या, तारीख, वेळ आणि ठिकाण दिसेल असं कॅमेऱ्याचं ॲप वापरून. बांधलेला ऑक्सिजन अंधारात ठेवला तर आठेक तास टिकतो. तेवढ्यात बाटली लॅबमध्ये पोचवा, पुढचं आम्ल टाकणं आणि आकडा काढणं त्यांचं काम. बीओडीसाठी दोन लिटरचा वेगळा नमुना बर्फात, शक्यतो सहा तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत. औषधाचा संशय असेल तर नमुना काचेच्या बाटलीत घ्या, प्लास्टिकच्या नको.

नमुने तीन जागी: ओढा मिळतो त्याच्या वर, ओढ्याच्या तोंडाशी, आणि खाली. पण मासे दिसले तेव्हा पाणी पुढे गेलं असेल तर काय? मग त्याचा पाठलाग करायचा. दोन गाड्या काढा, बादलीला दोर बांधा आणि पुलापुलावरून पाणी काढत खाली जा: भिलवडी, औदुंबर, डिग्रज, सांगलीचा आयर्विन पूल, हरिपूरचा वारणा संगम, अंकली. जिथे पाणी अजून चांगलं आहे तिथून मागे या. चांगलं आणि वाईट पाणी जिथे मिळतं तिथे तुम्हाला तुकड्याचं तोंड सापडलं. खालच्या गावांतल्या मासेमारांचा फोन-गट आधीच करून ठेवा, रात्रीत त्यांना उठवता आलं पाहिजे. मंडळाच्या साहेबांना त्या तोंडाशी बोलवा, तुमच्या घाटावर नको. सांगलीचं उपप्रादेशिक कार्यालय आहे, वर कोल्हापूरचं प्रादेशिक. फोन करा, पण त्याच मिनिटाला ईमेलही करा, वेळ नोंदली जाते. मग कोण किती वाजता आलं हे त्यांनाच सांगावं लागतं.

पंचनामा तलाठ्याकडून करून घ्या, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील साक्षीला. (पदांची नावं आता ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी अशी झाली आहेत, अर्जात नवी लिहा, हाक जुन्याच नावाने मारा.) जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांना त्याच दिवशी कळवा. आणि मासे उचलू देऊ नका. दरवेळी पाहतो, मासे वर आले की आसपासची माणसं पोती घेऊन पळत येतात, दुपारपर्यंत निम्मा पुरावा कालवणात गेलेला असतो. मेलेला मासा खाण्यात धोका आहे हे सांगाच, पण त्याहून आधी काही मासे, जमल्यास मरायला टेकलेले, पिशवीत घालून बर्फात ठेवा. कल्ले फिके आहेत, लालभडक आहेत की तपकिरी, याचा जवळून फोटो घ्या.

तुमच्या घाटावरची बाटली कोर्टात टिकते का, असा प्रश्न येणारच. 1974 च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे कारखान्याच्या सांडपाण्याचा कायदेशीर नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो, कारखान्याला नोटीस देऊन, दोन भाग करून, सीलबंद. तुमचा नमुना त्याची जागा घेत नाही. त्याचं काम वेगळं. मंडळाला वेळेत, योग्य जागी आणायचं, आणि हरित न्यायाधिकरणापुढे सकृतदर्शनी काहीतरी ठेवायचं. तेवढं तो चोख करतो.

एक साक्षीदार गावात आधीच नोकरीला आहे, त्याला कोणी विचारत नाही. पाणीपुरवठ्याच्या जॅकवेलवरचा, म्हणजे नदीतून पाणी उपसायच्या विहिरीवरचा, ऑपरेटर. नदीत सेंद्रिय घाण आली की क्लोरिन खाल्लं जातं, तुरटी जास्त लागते, वास जात नाही म्हणून उपसा थांबवावा लागतो. मोठ्या योजनांच्या शुद्धीकरण केंद्रांत याची रोज नोंद होते. मासे मेले त्या दिवसाची ती पानं माहिती अधिकारात मागवा. ती सरकारी नोंद आहे, तुमच्या भांडणाशी तिचा संबंध नाही, म्हणूनच तिला वजन आहे. माहिती अधिकारातच मंडळाने कारखान्याला दिलेलं संमतीपत्र आणि त्यातल्या अटी मागा, ऑनलाइन मोजणी यंत्राची त्या आठवड्याची आकडेवारी मागा, आणि दर 30 सप्टेंबरपर्यंत कारखान्याने भरायचं पर्यावरण विवरणपत्र मागा. अर्जाला 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे तीन अर्ज वेगळे करा, नाहीतर तेवढ्यावरच परत येतो. मला विचाराल तर विवरणपत्रातला किती स्पेंट वॉश तयार झाला हा आकडा आणि विल्हेवाटीचा आकडा शेजारी ठेवून वाचण्यात सगळ्यात जास्त हाती लागतं. नुसती बेरीज-वजाबाकी आहे.

आता ऊसवाल्यांचं. हा तुमच्या पत्रातला खरा अवघड भाग, आणि त्याला रसायनशास्त्रात उत्तर नाही. तुमच्या गावात कारखाना म्हणजे कोणी परका मालक नाही. सभासद गावातलेच, ऊसबिलावर पोरांच्या फिया, दिवाळीची साखर, भोई वस्तीतलेही काही जण हंगामात तिथे रोजावर असतीलच. चाळीस घरं एका बाजूला आणि सगळं गाव दुसऱ्या बाजूला, असं चित्र उभं राहिलं की कागद कितीही भक्कम असू देत, तुमचा सरपंच ठराव देत नाही, तलाठी फिरकत नाही, साक्षीदार फुटतात. 'मासे मेले' या मथळ्याखाली तक्रार केली की ती भोयांची राहते. 'गावाच्या जॅकवेलच्या तोंडाशी ऑक्सिजन शून्य' असं लिहिलं की ती गावाची होते, कारण तेच पाणी सगळे पितात. दोन्ही एकाच सकाळच्या गोष्टी आहेत. ग्रामसभेत ठराव पाण्याचा घ्या, त्यात माशांचं नुकसान एक कलम म्हणून घाला. कारखाना बंद करा ही मागणी चुकूनही कागदावर आणू नका. मागायचं ते हे: लगूनची पातळी पावसाआधी इतकी खाली आणा, ओढ्याकडच्या बाजूचा बांध आणि बायपास पाइप गावासमोर बंद करा, पट्टा पडल्यावर धुण्याच्या पाण्याचा दिवस आधी कळवा. ज्यांच्या विहिरी लगूनच्या खालच्या अंगाला आहेत अशा सभासदांना गाठा. त्यांच्या विहिरीचं पाणी बहुतेक वेळा तांबूस झालेलं असतं आणि वार्षिक सभेत बोलायची त्यांची छाती होत नसते. तुमचे पहिले साथीदार तेच. सभेत प्रश्न विचारायचा हक्क सभासदाला आहे, तुम्हाला नाही.

नमुन्यांवरून घाण शहराच्या नाल्याची निघाली, तर भांडण कारखान्याशी नाहीच, आणि तिथे ऊसवाले तुमच्या पुढे उभे राहतील. बंधाऱ्याच्या पाण्याने मासे मेले असतील तर प्रश्न पाटबंधारे खात्याचा. बरगे एकदम न काढता टप्प्याने, कोयनेच्या पायथा वीजगृहातून नदीत पाणी चालू असताना काढा, एवढीच मागणी. ती मान्य व्हायला पैसा लागत नाही, फक्त एका शाखा अभियंत्याची तारीख लागते.

दावा करायचा तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. 2010 च्या कायद्यातलं कलम 14 पर्यावरणाच्या वादासाठी, मुदत सहा महिने, सबळ कारण असेल तर वर साठ दिवस. कलम 15 भरपाईसाठी, मुदत पाच वर्षं, तिथेही साठ दिवसांची सवलत. सहा महिने फार लवकर जातात. मंडळाच्या उत्तराची वाट बघत बसलेली किती प्रकरणं मुदतीबाहेर गेली, मोजत नाही मी. भरपाई मागितली नाही तर शुल्क हजार रुपये, मागितली तर रकमेच्या एक टक्का, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. साध्या पत्रावरूनही न्यायाधिकरण स्वतःहून दखल घेऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे.

किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी ही वाट आधी तुडवली आहे. उरण भागातल्या 1,630 मच्छीमार कुटुंबांना पुण्याच्या खंडपीठाने फेब्रुवारी 2015 मध्ये 95 कोटींहून जास्त भरपाई मंजूर केली. तिथे कारण बंदराचा भराव, भरतीच्या वाटा आणि खारफुटी होतं, तुमचं वेगळं. पण पारंपरिक मासेमारी ही उपजीविका आहे आणि ती बुडाली तर तिचं मोल द्यावं लागतं, हे तिथे मान्य झालं. प्रकरण नंतर सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा पैशाची वाट लांबची आहे हेही धरून चाला. आणि आपल्या सह्याद्रीच्या पलीकडेच बघा. कोयनेचं पाणी वीज करून चिपळूणला वाशिष्ठीत उतरतं, ती वाशिष्ठी दाभोळच्या खाडीला मिळते. त्या खाडीकाठचे भोई लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीच्या सांडपाण्याशी वर्षानुवर्षं भांडत आहेत. एकदा जाऊन या. वकिलापेक्षा त्यांच्याकडून जास्त शिकाल, विशेषतः नोंदी कशा ठेवायच्या ते.

कारण भरपाई अडते ती नोंदीवर. आमचं पोट बुडालं, हे खरं असलं तरी न्यायाधिकरण विचारतं, किती? नदीवरचा मासेमार पावती करत नाही. सकाळी मासे धरले, तिठ्यावर किंवा आठवडा बाजारात विकले, पैसे खिशात. म्हणून आजपासून वही सुरू करा. तारीख, कोणाचं जाळं, कोणता मासा किती किलो, भाव, कोणाला विकला. मच्छीमार सहकारी संस्था असेल तर तिच्या शिक्क्याने, नसेल तर नोंदवा. रोजची वही वर्षभर चालली की मासे मेल्यानंतरचे रिकामे रकाने आपोआप दिसतात. वही बायकांच्या हाती द्या. विकायला त्याच जातात, भाव त्यांनाच ठाऊक असतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, पैसे घ्यायचे का. घेऊ नका असं मी म्हणणार नाही. ज्याच्या घरात महिनाभर चूल नदीवर पेटली नाही त्याला पुण्याच्या तारखा सांगण्यात अर्थ नाही. पण घरटी रोख पाकीट नको. रक्कम संस्थेच्या खात्यावर चेकने, सोबत पत्र, आणि पत्रात कोणत्या तारखेच्या घटनेसाठी ते स्पष्ट हवं. बहुतेक वेळा पुढे करतात त्या कागदात दोन ओळी असतात: मदत माणुसकीच्या नात्याने दिली, आणि यापुढे कोणतीही तक्रार करणार नाही. पहिली ओळ राहू द्या, त्यांचा वकील त्याशिवाय सही करू देणार नाही. दुसरी खोडायला लावा. नाही खोडली तर सही करू नका, रक्कम कितीही असो. पुढच्या उन्हाळ्यातल्या माशांवर आज सही देता येत नाही. आणि तुम्ही आपसात मिटवलं तरी मंडळाची कारवाई थांबत नाही, हेही कोणीतरी त्यांना सभ्य शब्दांत सांगून ठेवा.

मत्स्यबीज सोडून देतो, असंही पुढे येईल. घ्या, पण भरपाई म्हणून नको. ट्रकने आणलेली कटला-रोहूची बोटुकली डोहात सोडून फोटो छान येतात, पण पाणी तेच राहिलं तर ती पुढच्या खेपेला सगळ्यात आधी मरतात. वाम, शिंगाळा असे नदीचे मासे आपोआप परततात, खालून-वरून पाणी चांगलं आलं तर. त्यामुळे बीजाऐवजी कारखान्याकडून हे मागा: जॅकवेलजवळ रोज सकाळी सहाला ऑक्सिजन मोजायचा, माणूस वस्तीतला, पगार कारखान्याचा, आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहायचा. सहाची वेळ मुद्दाम सांगतोय, कारण शेवाळ रात्रभर ऑक्सिजन ओढतं आणि पहाटेच तो सगळ्यात कमी असतो, दुपारचा आकडा नेहमीच गोड दिसतो. यावर ते तयार झाले तर बाकीचं बोलणं सोपं जाईल. नाही झाले, तर पावसाला किती दिवस उरलेत ते बघा आणि बाटल्या आणायला सांगलीला माणूस पाठवा.